फांदी दोराने उतरवायला शिकवताना : रिगिंगच्या प्रात्यक्षिक कार्यशाळेची आखणी

शहरातले मोठे झाड उतरवायचे म्हटले की खाली मोकळे मैदान क्वचितच मिळते. कंपाउंडची भिंत, पार्किंगवरचा पत्रा, शेजारच्या इमारतीची गॅलरी, ड्रेनेजचे झाकण अशा अनेक गोष्टी फांदीच्या सावलीत असतात. म्हणून कापलेला भाग सरळ खाली न टाकता दोराला बांधायचा, तो दोर वर लावलेल्या कप्पीवरून घ्यायचा आणि जमिनीवरच्या माणसाने घर्षणाच्या साहाय्याने तो हळूहळू उतरवायचा, ही पद्धत आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांची छाटणी-निगा करणाऱ्या व्यावसायिक मंडळींत रिगिंग या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे हे काम बहुतेक जण मुकादमाकडे बघत बघत शिकतात. त्यात हात तयार होतो, पण आपण बांधलेल्या फांदीचे वजन किती आहे आणि वरच्या आधारावर प्रत्यक्षात किती ताण येतो आहे, हे कोणी सांगितलेले नसते. कार्यशाळा घ्यायची ती ही उणीव भरून काढण्यासाठी.

आखणीला बसण्यापूर्वी एक निर्णय पक्का करावा. रिगिंगचे प्रशिक्षण म्हटले की आयोजकांचे सगळे लक्ष झाडावर चढणाऱ्याकडे जाते, कारण फोटो त्याचे चांगले येतात. फांदी कशी उतरणार हे मात्र बऱ्याच अंशी खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसावर ठरते. त्याने चुकीच्या क्षणी दोर आवळला तर कप्पीला, आधाराच्या फांदीला आणि वर बसलेल्या माणसाला एकाच वेळी हिसका बसतो. त्यामुळे या लेखातील सगळी आखणी खालच्या माणसाला केंद्रस्थानी ठेवून केली आहे आणि दोन दिवसांपैकी पहिला दिवस जवळजवळ पूर्णपणे जमिनीवर ठेवला आहे.

कोणाला बोलवावे आणि किती जणांना

बारा प्रशिक्षणार्थी ही माझ्या मते वरची मर्यादा आहे. चौघांचा एक असे तीन गट करावेत, प्रत्येक गटाला एक प्रशिक्षक द्यावा आणि या तिघांखेरीज एक सुरक्षा प्रमुख नेमावा, ज्याने दोन्ही दिवस काहीही शिकवायचे नाही. शिकवणाऱ्याचे लक्ष समोरच्या गाठीत गुंतलेले असते, तेव्हा फांदीखालून कोण चालत निघाले आहे हे बघायला दुसरी, रिकामी नजर लागते. पैसे वाचवण्यासाठी हे पद गाळण्याचा मोह होतो. त्याऐवजी कापडी बॅनर आणि पाहुण्यांचे सत्कार गाळावेत.

चौघांच्या गटात एक जण वर, एक जण उतरवणीच्या दोरावर, एक जण बाजूच्या ओढदोरावर (फांदी बाजूला ओढून धरायच्या दोरावर) आणि आलेला माल मोकळा करण्यावर, तर चौथा वही घेऊन निरीक्षणावर असावा. या जागा फिरत्या ठेवाव्यात आणि चढणाऱ्यांनाही दोर धरायला लावावे. महापालिकेच्या उद्यान विभागातील कर्मचारी, खासगी छाटणी ठेकेदारांची माणसे आणि अग्निशमन दलाचे जवान असा मिश्र गट उत्तम, कारण पावसाळ्यात कोसळलेल्या झाडावर ही सगळी मंडळी एकत्रच येतात.

प्रवेशाची अट मात्र सैल ठेवू नये. ज्याला दोराने चढणे, झाडावर स्वतःला दोन ठिकाणी बांधून घेणे आणि चेनसॉ सुरक्षितपणे हाताळणे आधीपासून येते, त्यालाच वर पाठवायचे. हे न येणाऱ्यांना नाकारण्याची गरज नाही. त्यांना फक्त जमिनीवरच्या भूमिकांसाठी घ्यावे आणि तसे अर्जाच्या वेळीच सांगावे. नुसती फोनवर खात्री न करता पहिल्या दिवशी सकाळी प्रत्येक चढणाऱ्याला तीन-चार मीटर उंचीपर्यंत चढून, थांबून, उतरून दाखवायला लावावे.

केव्हा, कुठे आणि कोणत्या झाडावर

महाराष्ट्रातील शहरांत पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मे महिन्यांत जोरात असते. शिकलेले लगेच वापरात यावे आणि त्याच वेळी कामाच्या धांदलीत माणसे अडकलेली नसावीत, यासाठी जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीचा पूर्वार्ध सोयीचा ठरतो. ऊन बेताचे असते, साल कोरडी असते आणि अनेक पक्ष्यांची वीण सुरू व्हायची असते. शहराबाहेरच्या जागेत मात्र याच दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा वाळून त्यांची कुसे वाऱ्यावर उडत असतात, तेव्हा आसपासची झुडपे नीट बघून घ्यावीत. बिब्ब्याचे झाड ओळखणारा एक तरी माणूस पाहणीला सोबत असावा, कारण त्याच्या चिकाने अंगावर फोड उठतात.

आखणी निदान आठ ते दहा आठवडे आधी सुरू करावी, आणि त्याचे मुख्य कारण परवानगी हे आहे. महाराष्ट्रातील नागरी भागांत ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ लागू आहे. त्यानुसार झाड तोडायचे तर स्थानिक संस्थेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे किंवा वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि झाडाला इजा करणेही तोडण्याच्या व्याख्येत येते. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले आहे, त्यामुळे अशी झाडे प्रशिक्षणाच्या यादीतून आधीच वगळावीत. ग्रामीण भागात झाडतोडीचे नियमन करणारा १९६४चा कायदा बघावा लागतो. ‘प्रशिक्षणासाठीच आहे’ हे कारण परवानगीची जागा घेऊ शकत नाही. सर्वांत सोपा मार्ग असा की ज्या झाडांची छाटणी किंवा तोड आधीच रीतसर मंजूर झालेली आहे, अशा ठिकाणी जागेच्या मालकाशी बोलून कार्यशाळा बेतावी. परवानगीची प्रत, झाडांचे क्रमांक आणि मंजूर कामाचे स्वरूप सुरक्षा प्रमुखाच्या फाइलमध्ये असावे.

झाडाची निवड करताना मन थोडे उलटे चालवावे लागते. एखाद्या सोसायटीला धोकादायक वाटणारे, पोखरलेले झाड ‘तुम्ही शिकता शिकता काढून टाका’ म्हणून आनंदाने दिले जाते. ते घेऊ नये. रिगिंगमध्ये झाड हाच आपला खांब असतो. खांबच कच्चा असेल तर बाकीचे साहित्य कितीही महागाचे असून उपयोग नाही. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असते आणि आतून पोकळ झालेली खोडे त्यात पुष्कळ आढळतात. मुंबईत मिलीबग या किडीच्या प्रादुर्भावाने वाळलेले पर्जन्यवृक्ष दिसायला भव्य असले, तरी वाळलेल्या लाकडात बिजागरी, म्हणजे कापताना न कापता ठेवलेली लाकडाची पट्टी, वाकत नाही, ती कडकन तुटते. नवशिक्यांसाठी निरोगी, ओले, सरळ वाढलेले झाड हवे. खोडाचे तुकडे उतरवण्याच्या सरावाला शेताच्या बांधावरची तोडायला मंजूर झालेली नीलगिरी उत्तम, आणि आडव्या फांद्यांच्या सरावाला मजबूत बेचके असलेला, छाटणी मंजूर झालेला जिवंत पर्जन्यवृक्ष चांगला.

प्रत्येक झाडाची दोनदा पाहणी करावी. पहिल्या पाहणीत बुंध्याभोवती माती उकरून मुळांची स्थिती पाहावी, बुंध्यावर अळंब्यांसारखी बुरशीची फळे आहेत का ते बघावे, लाकडी हातोड्याने खोड ठोकून कुठे बद्द आवाज येतो का ते ऐकावे आणि बेचक्यांत चिरा आहेत का ते दुर्बिणीतून न्याहाळावे. दुसरी पाहणी कामाच्या दिवशी सकाळी करावी, आणि ती मुख्यतः आग्या मोहोळासाठी असते. या मधमाश्या स्थलांतर करतात, त्यामुळे पंधरा दिवसांपूर्वी रिकाम्या असलेल्या फांदीवर आज पोळे लटकलेले असू शकते. चेनसॉच्या आवाजाने आणि धुराने त्या चवताळल्या तर दोरावर अडकलेल्या माणसाला पळायला वाट नसते. पोळे दिसले, घरटे दिसले किंवा वटवाघळांची वस्ती दिसली, तर ते झाड त्या दिवसापुरते रद्द करून राखीव झाडाकडे वळावे.

विजेच्या तारांबाबत माझे मत थोडे कडक आहे. प्रत्यक्ष कामात वीज कंपनीकडून लेखी शटडाऊन घेऊन तारांजवळ काम करावे लागते, हे खरे. पण प्रशिक्षणासाठी ज्या झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरात एकही तार नाही असेच झाड घ्यावे. शिकणाऱ्याच्या मनावर एका वेळी एकाच धोक्याचे ओझे असावे.

साहित्य : काय विकत घ्यावे, काय मागून आणावे, काय आणूच नये

उतरवणीच्या दोरासाठी दुहेरी विणीचा पॉलिएस्टर दोर घ्यावा. साडेबारा-तेरा मिलिमीटर जाडीच्या चांगल्या दोराची तुटण्याची क्षमता साधारण साडेचार टन असते. त्याचा दहावा भाग, म्हणजे सुमारे ४५० किलो, ही कामाची मर्यादा धरावी. दहापटीची ही सूट उदारपणे दिलेली वाटली तरी ती तशी नाही. गाठ मारल्याबरोबर दोराची बरीच ताकद कमी होते, ऊन आणि घर्षण ती रोज कमी करत राहतात, आणि हिसक्याचा भार वजनाच्या कित्येक पट असतो.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा पिवळा-निळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर कार्यशाळेच्या आवारात येऊ देऊ नये. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळते, पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे. बुंध्याशी बांधलेल्या घर्षण-ड्रमवरून (दोराचे वेढे घ्यायच्या धातूच्या नळकांड्यावरून) भरभर सरकणाऱ्या दोराच्या पृष्ठभागावर जी उष्णता तयार होते, तिच्यापुढे स्वस्त दोर चकचकीत होऊन चिकटू लागतो. प्रशिक्षणार्थींनी आपापले दोर सोबत आणावेत आणि पहिल्या सकाळी ते सगळे ताडपत्रीवर पसरून तपासावेत, असा कार्यक्रम ठेवला तर ही गोष्ट भाषणाशिवाय समजते. चकाकणारे डाग, चपटा झालेला भाग, हाताला लागणारी गुठळी, तुटलेले तंतू, चेनसॉच्या तेलाचे डाग असे एकेक दोष शोधून तिथे रंगीत टेप गुंडाळायला लावावी.

सह्याद्रीत चढाई करणाऱ्या मंडळींकडून दोर आणि कॅराबिनर सहज मागून आणता येतात, पण ते फक्त माणसांसाठी वापरावेत. प्रस्तरारोहणाचा लवचीक दोर भाराखाली इतका ताणतो की ओंडका कुठे थांबेल याचा भरवसा राहत नाही. उलट बाजूने, एकदा ओंडके उतरवलेला दोर पुन्हा कधीही माणसाचा जीवदोर म्हणून वापरू नये. दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या रंगांच्या ठेवाव्यात.

आर्बोरिस्टसाठी बनवलेल्या कप्प्या, दोरीचे स्लिंग (कप्पी झाडाला बांधायचे पट्टे) आणि पोर्टा-रॅपसारखे घर्षण-ड्रम बहुधा परदेशी बनावटीचे असतात आणि मागवायला वेळ लागतो, म्हणून त्यांची मागणी सर्वांत आधी नोंदवावी. कप्पीच्या चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान चौपट असावा. काही वस्तू मात्र औद्योगिक वसाहतींत क्रेनचे सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. पॉलिएस्टरच्या पट्ट्यांचे स्लिंग रंगावरून ओळखता येतात : जांभळा एक टन, हिरवा दोन टन, पिवळा तीन टन. हा आकडा सरळ उचलण्याचा असतो. फास घालून आवळल्यास तो साधारण ८० टक्क्यांवर येतो. पट्ट्यावरचे क्षमतेचे लेबल फाटलेले असेल तर पट्टा बाद समजावा.

अंगावरच्या साहित्यात हनुवटीचा पट्टा असलेले हेल्मेट, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण, चेनसॉ चालवणाऱ्यासाठी काप-रोधक पँट आणि दोर धरणाऱ्यासाठी चामड्याचे हातमोजे अनिवार्य ठेवावेत. बांधकामावर वापरतात तो पूर्ण अंगाचा हार्नेस, अगदी आय.एस. ३५२१ प्रमाणित असला तरी, पडणाऱ्याला अडवण्यासाठी असतो. तासभर बसून काम करायला झाडावर चढण्याचा बैठा हार्नेसच लागतो.

वजनाचा अंदाज : पहिल्या सकाळचा पाठ

ओले लाकूड ढोबळमानाने पाण्याइतके जड धरावे. आपल्याकडे झाडाचा घेर मोजायची सवय आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा, त्याचा वर्ग करावा आणि त्याला १२५ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे एक मीटर लांब ओंडक्याचे किलोमधले वजन. घेर १०० सेंटिमीटर असेल तर एक मीटरला ८० किलो. घेर दुप्पट झाला तर वजन चौपट होते, आणि नेमका इथेच डोळा फसतो, कारण माणूस लांबीवरून वजन जोखतो. १४० सेंटिमीटर घेराचा, दिसायला आखूड वाटणारा मीटरभराचा तुकडा दीडशे किलोंच्या पुढे जातो.

हा पाठ फळ्यावर शिकवू नये. वेगवेगळ्या जाडीचे पाच-सहा ओले ओंडके आवारात मांडून ठेवावेत, प्रत्येकाने नुसते बघून अंदाज लिहावा, मग टेपने मोजून हिशेब करावा आणि शेवटी क्रेनच्या काट्यावर प्रत्यक्ष वजन करावे. पानांसह फांदीसाठी एवढे सोपे सूत्र नाही. तिथे फांदीच्या बुडख्याचे वजन काढून त्यात डहाळ्या व पाने यांसाठी भरघोस वाढ धरायला शिकवावे आणि शंका आली तर फांदी दोन टप्प्यांत काढावी.

पहिला दिवस : हिसका डोळ्यांना दाखवणे

जमिनीपासून पाच-सहा मीटर उंचीवर एक भक्कम आधार निवडावा. त्याला स्लिंग बांधावे, स्लिंग आणि कप्पी यांच्या मध्ये ताणमापक लावावा आणि दोराच्या एका टोकाला ५० किलोंचा ओंडका बांधावा. दोराचे दुसरे टोक बुंध्याशी बांधलेल्या ड्रमवर असावे. आता ओंडका नुसता अधांतरी धरून सर्वांना विचारावे : कप्पीवर किती भार आहे? बहुतेक जण पन्नास म्हणतील. मापकावर आकडा शंभराच्या आसपास दिसतो, कारण विहिरीवरून पोहरा शेंदताना रहाटावर पोहऱ्याचे वजन आणि आपली ओढ दोन्ही येतात तसेच इथेही घडते. मग ड्रम बाजूच्या झाडाला बांधून दोराच्या दोन पदरांमधला कोन वाढवावा. दोन पदर काटकोनात आले की भार वजनाच्या साधारण १.४ पट होतो. पण त्याच वेळी आधार बाजूला ओढला जातो, आणि फांदीला उभा भार सोसतो तसा आडवा भार सोसेलच असे नाही, हेही तिथेच दाखवावे.

यानंतर या कार्यशाळेतला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग करावा. ओंडका दीड मीटर वर उचलून सोडायचा आणि दोर करकचून बांधलेला ठेवायचा. समजा दोर ताणत ताणत ओंडका ३० सेंटिमीटरमध्ये थांबला. एकूण पडणे १.८ मीटर, थांबायला मिळालेले अंतर ०.३ मीटर, म्हणजे थांबताना दोरावरचा सरासरी ताण वजनाच्या सहापट, सुमारे ३०० किलो, आणि कप्पीवर त्याच्या जवळजवळ दुप्पट. क्षणिक कमाल ताण याहूनही अधिक असतो. मग तोच ओंडका त्याच उंचीवरून सोडायचा, पण ड्रमवरच्या माणसाने दोर सरकू द्यायचा आणि आवळत आवळत दीड मीटरमध्ये थांबवायचे. आता एकूण पडणे तीन मीटर, थांबण्याचे अंतर दीड मीटर. सरासरी ताण वजनाच्या फक्त दुप्पट, १०० किलो. झाड, दोर आणि ओंडका तेच आहेत; फरक फक्त ड्रमवरच्या माणसाच्या हातांनी केला आहे.

साध्या डिजिटल क्रेन-काट्याचा आकडा सावकाश बदलतो आणि हिसक्याचा क्षणिक कळस त्यात दिसत नाही. कळसाचा आकडा धरून ठेवणारा ताणमापक मिळाला तरच पडण्याचे प्रयोग मोजून दाखवावेत. नाहीतर स्थिर भार मापकावर दाखवावा आणि पडण्याचा हिशेब कागदावर करून घ्यावा. मापकाची क्षमता दोन टनांपेक्षा कमी नसावी आणि प्रयोग चालू असताना दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

दुपारचा वेळ ड्रमवरच्या सरावाला द्यावा. दोर आणि धातू यांच्यातील घर्षणानुसार एकेका पूर्ण वेढ्याने पकड कित्येक पटींनी वाढते, त्यामुळे दोन वेढ्यांवर ५० किलोंचा ओंडका एका हाताने धरता येतो आणि तिसऱ्या वेढ्याला तो कदाचित सरकतच नाही. किती वेढे घ्यायचे हे ओंडका सुटण्यापूर्वी ठरवायचे असते. प्रत्येकाने वीस, पन्नास आणि ऐंशी किलोंचे ओंडके उतरवून बघावेत आणि जमिनीवर काढलेल्या खडूच्या वर्तुळात ते न आपटता टेकवावेत. या सरावात तीन सवयी लावायच्या आहेत : हाताला दोर गुंडाळायचा नाही, ड्रमपासून हात किमान मीटरभर लांब ठेवायचे, आणि मोकळ्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. तिसरी सवय लागायला वेळ लागतो, म्हणून मोकळा दोर प्लॅस्टिकच्या टबात पडेल अशी व्यवस्था करावी.

गाठी मोजक्याच शिकवाव्यात. ओंडक्याला बांधायला रनिंग बोलाइन आणि तिच्यापुढे एक हाफ हिच, स्लिंगने कप्पी खोडाला बांधायला काऊ हिच, आणि ओढदोरासाठी क्लोव्ह हिच. गाठ मारून झाली की तिचे पदर नीट बसवणे, ओढून घट्ट करणे आणि शेपूट निदान वीतभर ठेवणे, या तीन गोष्टी झाल्याशिवाय ती पूर्ण झाली असे मानू नये. सराव हातमोजे घालूनच करून घ्यावा.

आज्ञाही याच दिवशी ठरवून टाकाव्यात. छाटणीच्या कामावर मराठी, हिंदी, कन्नड अशा अनेक भाषांची माणसे असतात, म्हणून शब्द थोडे आणि ठरलेले असावेत. वरचा विचारतो ‘दोर तयार?’, खालचा वेढे तपासून उत्तर देतो ‘तयार’. वरचा म्हणतो ‘कापतोय’, आणि खालून ‘काप’ असे उत्तर आल्याशिवाय करवत लाकडाला लागत नाही. उतरवताना ‘सोड’ म्हणू नये, कारण नवखा माणूस घाईत दोरच सोडून देतो, ‘उतरव’ म्हणावे. ‘थांब’ हा शब्द मात्र कोणीही, अगदी वही धरलेल्या माणसानेही, कधीही उच्चारू शकतो आणि तो कानी पडताच सगळ्यांनी थांबायचे असते. चेनसॉ चालू असताना यासाठी शिट्टी वापरावी.

सुटकेचा सराव, चढण्याच्या आधी

पहिल्या दिवसाची अखेर सुटकेच्या सरावाने करावी. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाला लवकरात लवकर खाली आणावे लागते, आणि त्यासाठी अग्निशमन दलाची वाट पाहणे परवडत नाही. म्हणून ज्या झाडावर काम चालू आहे तिथे दुसरा चढणारा हार्नेस घालून, सुटकेचा वेगळा दोर टाकून तयार बसलेला असला पाहिजे. वाळूने भरलेला, माणसाच्या वजनाचा पुतळा झाडावर लटकवून प्रत्येक गटाने तो खाली आणावा. हे ज्या गटाला जमले नाही, त्या गटातले कोणीही दुसऱ्या दिवशी चढणार नाही, एवढे स्पष्ट सांगावे.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आवारात कुठून येईल आणि वळेल कशी, हे आधी चालून बघावे. शस्त्रक्रियेची सोय असलेले जवळचे रुग्णालय, तिथपर्यंतचा रस्ता आणि जागेचा नेमका पत्ता एका मोठ्या पुठ्ठ्यावर लिहून लावावा, कारण घाबरलेल्या माणसाला फोनवर पत्ता आठवत नाही. एक गाडी तोंड बाहेर करून उभी असावी आणि तिची किल्ली सुरक्षा प्रमुखाकडे असावी. चेनसॉची जखम खोल असते, तेव्हा दाबपट्टी आणि टुर्निके (रक्तस्राव थांबवायला आवळायचा पट्टा) प्रत्येक चढणाऱ्याच्या हार्नेसलाच अडकवलेले असावेत. सर्व सहभागींचा अपघात विमा काढलेला असावा.

दुसरा दिवस : झाडावर

सकाळी प्रत्येक गटाने आपल्या झाडाची योजना कागदावर मांडावी : कोणती फांदी, तिचे अंदाजे वजन, कप्पी कुठे, ड्रम कुठे, फांदी कोणत्या बाजूला झुलेल आणि खालचा प्रतिबंधित भाग कुठपर्यंत. प्रशिक्षकाने सही केल्याशिवाय करवत सुरू होऊ नये. प्रतिबंधित भागाला दोरी बांधावी आणि आत येण्याचा एकच रस्ता ठेवावा.

पहिल्या फांद्या वीस-तीस किलोंच्या आतल्या असाव्यात आणि कप्पी कापाच्या वर असावी. इथे फांदी कुठे बांधली यावरून तिची चाल कशी बदलते हे प्रत्यक्ष दाखवावे. बुडख्याकडे बांधलेल्या फांदीचा शेंडा आधी खाली जातो आणि मग ती लटकते. शेंड्याकडे बांधलेल्या फांदीचा बुडखा सुटून झुलतो आणि चढणारा चुकीच्या जागी असेल तर थेट त्याच्या अंगावर येतो. म्हणून प्रत्येक कापापूर्वी चढणाऱ्याने आपल्या उभे राहण्याची जागा बोट दाखवून सांगावी. नैसर्गिक बेचक्यातून दोर घेण्याची जुनी पद्धत एकदा दाखवावी, कारण कामावर ती भेटणारच आहे. तिथे घर्षण किती होईल याचा अंदाज येत नाही आणि ठेवायच्या झाडाची साल सोलवटते, हेही त्याच वेळी दाखवून कप्पीकडे वळावे. छाटणीच्या झाडावर शेवटचा काप फांदीच्या गळ्याबाहेर, म्हणजे फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याबाहेर, घ्यावा; रिगिंगच्या गडबडीत खुंट ठेवून पुढे जाण्याची सवय लागू देऊ नये.

दुपारनंतर, आणि तेही सकाळचे काम समाधानकारक झालेल्या गटांपुरतेच, उभ्या खोडाचे तुकडे उतरवण्याकडे जावे. इथे कप्पी कापाच्या खाली असते, तुकडा आधी पडतो आणि मगच दोरावर येतो, त्यामुळे आदल्या दिवशी पाहिलेला हिसका आता चढणाऱ्याच्या पायाखालच्या खोडालाच बसतो. तुकडा अर्ध्या मीटरपेक्षा लांब घेऊ नये, कप्पी कापाच्या शक्य तितकी जवळ बांधावी आणि खाली दोर सरकू देता येईल एवढी मोकळी उंची शिल्लक असेल तोवरच हा प्रकार करावा. जमिनीजवळ आल्यावर थांबायला अंतरच उरत नाही. तिथे तुकडे हाताने ढकलून टाकणे अधिक सुरक्षित. वेळ कमी पडत असेल तर हा भाग पूर्ण गाळला तरी चालेल, घाईत उरकू मात्र नये.

जेवण हलके आणि लवकर द्यावे, पाणी व मिठा-साखरेचे सरबत प्रत्येक झाडाखाली असावे आणि चार वाजल्यानंतर कोणालाही वर पाठवू नये.

शेवटची परीक्षा आणि नंतरचे काम

लेखी परीक्षेचा इथे फारसा उपयोग नाही. प्रत्येकाला एक फांदी दाखवावी आणि तिची पूर्ण योजना तोंडी सांगायला लावावी. दाखवायच्या फांद्यांत एक तरी अशी असावी जिचे योग्य उत्तर ‘हे रिगिंगने करायचे नाही’ असे आहे : पोकळ बेचक्यावर टेकलेली, वा तारांवर ओणवी झालेली, जिथे क्रेन किंवा बास्केट लिफ्ट मागवणे हाच मार्ग आहे. ज्याला नाही म्हणता आले त्याला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण द्यावेत. प्रमाणपत्रावर ‘उपस्थित होते’ आणि ‘अमुक भूमिकेत सक्षम आढळले’ या दोन गोष्टी वेगळ्या छापाव्यात, नाहीतर दोन दिवस चहा पिऊन गेलेला माणूसही तोच कागद दाखवून ठेका घेतो.

मे महिन्याच्या सुरुवातीला, छाटणी ऐन भरात असताना, प्रशिक्षकांपैकी एकाने प्रत्येक गटाच्या कामावर अर्धा दिवस जाऊन उभे राहावे आणि दोराची नोंदवही मागावी. वहीत दोराचा क्रमांक, वापराची तारीख, उतरवलेले सर्वांत जड वजन आणि बसलेले मोठे हिसके एवढेच लिहिलेले पुरे. नोंद नसलेला किंवा जबर हिसका बसलेला दोर बाद करावा, आणि तो तिथल्या तिथे हातभर लांबीचे तुकडे करून टाकावा. अखंड ठेवला तर आठवडाभरात तो टेम्पोच्या हौद्यातून पुन्हा कुठल्या तरी झाडावर पोहोचलेला असतो.